ज्ञानाचा अधिकार आणि दोन भाषांचा वर्ग

विद्यापीठात एखादा विषय दोन भाषांतून शिकवणे, म्हणजे व्याख्यान, वाचन, चर्चा, लेखन आणि परीक्षा या सर्व टप्प्यांवर दोन्ही भाषांना ठरवून स्थान देणे, याला द्वैभाषिक अध्यापन म्हणतात. महाराष्ट्रात या प्रश्नाची चर्चा बहुधा सोयीच्या अंगाने होते: मराठीतून विषय लवकर समजतो की नाही, इंग्रजीवाचून नोकरीत अडते की नाही, पारिभाषिक शब्द पुरेसे आहेत की नाहीत आणि पाठ्यपुस्तके लिहायची कोणी. हे प्रश्न खरे आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी एक जुना तात्त्विक प्रश्न आहे, आणि तो असा की ज्ञान कोणासाठी असते, आणि ज्याच्यासाठी ते असते त्याच्या बोलीत उतरले म्हणजे ते ज्ञानच राहते की त्याची सोपी आवृत्ती तेवढी उरते. भारतीय दर्शनपरंपरेने हा प्रश्न ‘अधिकार’ या संकल्पनेखाली विचारला आहे. कोणत्याही शास्त्रग्रंथाच्या आरंभी ज्या चार बाबी सांगाव्या लागतात, म्हणजे अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन, त्यांत अधिकारी पहिला येतो. हे शास्त्र कोणी शिकावे, हे ठरल्यावरच काय शिकावे याचा विचार सुरू होतो. छत्रपती संभाजीनगर आणि त्याच्या भोवतालचा मराठवाडा हा या प्रश्नाचा विचार करण्यासाठी विशेष योग्य प्रदेश आहे, कारण येथे गेल्या आठ शतकांत संस्कृत, मराठी, फारसी, उर्दू आणि इंग्रजी या भाषा ज्ञानाच्या दाराशी आळीपाळीने उभ्या राहिल्या आणि प्रत्येक वेळी कोणाला आत घ्यायचे हा वाद नव्याने झाला.

आजची स्थिती प्रथम पाहणे इष्ट आहे. २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालेले आणि १४ जानेवारी १९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ या नावाने ओळखले जाणारे येथील विद्यापीठ छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना सामावून घेते. त्यांतील पुष्कळांचे शालेय शिक्षण मराठीतून किंवा ‘सेमी-इंग्रजी’तून, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून व बाकीचे विषय मराठीतून, झालेले असते. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांच्या परीक्षांत मराठीतून उत्तरे लिहिण्याची मुभा आहे. विज्ञान, अभियांत्रिकी, वैद्यक आणि व्यवस्थापन या शाखांत माध्यम इंग्रजी आहे. तथापि कागदावरच्या या विभागणीने वर्गात प्रत्यक्ष काय घडते ते कळत नाही. नीतिशास्त्राच्या तासाला पडद्यावर कान्टच्या विचारांची इंग्रजी मांडणी दिसत असते आणि प्राध्यापक मराठीत बोलत असतात. ‘कॅटेगॉरिकल इम्परेटिव्ह’ असे म्हणून ते फळ्यावर ‘निरपेक्ष आदेश’ असा पर्याय लिहितात, आणि मग फायदा-तोट्याचा हिशेब न करता केवळ कर्तव्य म्हणून करायचे कर्म म्हणजे काय, हे निवडणुकीतल्या पैशांच्या वाटपाचे किंवा परीक्षेतल्या कॉपीचे उदाहरण घेऊन समजावतात. विद्यार्थ्याच्या वहीत वाक्य मराठी असते, संज्ञा देवनागरीत लिहिलेली इंग्रजी असते आणि समासात इंग्रजी व्याख्या जशीच्या तशी उतरवलेली असते. विचार ज्या क्षणी खरोखर पोहोचतो तो क्षण मराठीतला असतो. परंतु परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केली जाते ती समासातली व्याख्या.

द्वैभाषिक अध्यापन येथे नव्याने आणायचे नाही, ते चालूच आहे. फक्त त्याला नाव नाही, नियम नाही आणि प्रतिष्ठाही नाही. प्राध्यापक मराठीत बोलतात तेव्हा त्यांच्या मनात थोडी अपराधी भावना असते, जणू नाइलाजाने करावी लागलेली ती तडजोड आहे. विद्यार्थी मराठीतून लिहितो तेव्हा आपण दुय्यम दर्जाचे उत्तर लिहीत आहोत असे तोच गृहीत धरतो. आणि पालक मराठीच्या अभिमानाच्या सभेला हजर राहून पाल्याला मात्र इंग्रजी शाळेत घालतात. या वागण्याला दांभिकपणा म्हणून निकालात काढणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य नाही. भाषेविषयीच्या वृत्तीत दोन वेगळे निवाडे एकत्र आलेले असतात: एक, कोणती भाषा आपली आहे याविषयीचा, आणि दुसरा, कोणत्या भाषेतले ज्ञान जगात ज्ञान म्हणून चालते याविषयीचा. पहिला निवाडा मराठीच्या बाजूने आणि दुसरा इंग्रजीच्या बाजूने लागला की एकच माणूस दोन्हीकडे प्रामाणिकपणे उभा राहू शकतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्याने पहिल्या निवाड्याला बळ मिळाले. दुसरा निवाडा होता तेथेच आहे.

या दुसऱ्या निवाड्याची घडण समजण्यासाठी वेदान्तातील एका जुन्या प्रकरणाचा उपयोग होतो. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातील तिसऱ्या पादात ‘अपशूद्राधिकरण’ नावाचा भाग आहे. अधिकरण म्हणजे एका प्रश्नाचा पूर्वपक्ष (विरोधी बाजू) आणि सिद्धान्त (निर्णय) यांसह केलेला विचार. शूद्राला ब्रह्मविद्येचा अधिकार आहे काय, असा तेथे प्रश्न आहे, आणि शंकराचार्यांच्या भाष्यात त्याचे उत्तर नकारार्थी आले आहे. मात्र त्या नकाराला एक पुरवणी जोडलेली आहे: वेदांच्या द्वारा मिळणारे ज्ञान त्याला खुले नसले तरी इतिहास आणि पुराणे यांच्या श्रवणाचा अधिकार चारही वर्णांना आहे, आणि विदुर किंवा धर्मव्याध यांच्यासारख्यांना पूर्वसंस्काराने झालेले ज्ञान नाकारता येत नाही. या पुरवणीचे स्वरूप बारकाईने पाहण्याजोगे आहे. तीत मनुष्याला ज्ञानापासून पूर्णपणे दूर ठेवलेले नाही. त्याच्यासाठी दुसरी, सोपी, ऐकण्याची वाट राखून ठेवली आहे आणि मूळ वाट मात्र बंद आहे. जो ऐकतो त्याला फळ मिळेल, परंतु मूळ वचन हाती घेऊन त्याचा अर्थ लावण्याचा, त्यावर शंका काढण्याचा आणि दुसऱ्याचा अर्थ खोडून काढण्याचा हक्क त्याला नाही. ज्ञानातील विषमता नेहमी बंदीच्या रूपात येते असे नाही, ती सवलतीच्या रूपातही येते, आणि सवलत देणाऱ्याला आपण उदार आहोत असे वाटत असल्यामुळे ती ओळखणे अधिक कठीण जाते.

विद्यापीठीय वर्गात मराठीचा जो वापर आज रूढ आहे तो पुष्कळदा याच सवलतीच्या जातीचा आहे. मूळ ग्रंथ, संशोधनपत्रिका, चर्चासत्रातील निबंध आणि निवड समितीपुढील मुलाखत इंग्रजीत; समजावून सांगणे, धीर देणे आणि ‘मुद्दा काय आहे ते लक्षात घ्या’ म्हणणे मराठीत. विद्यार्थ्याला अर्थ कळतो, परंतु अर्थ लावण्याच्या व्यवहारात त्याला स्थान मिळत नाही. अशा व्यवस्थेला द्वैभाषिक म्हटले तरी तिच्यात दोन भाषांचे काम वेगळे आणि दर्जा विषम असतो. एक भाषा ज्ञानाची आणि दुसरी केवळ त्याच्या वाटपाची.

भाषाशब्दांना, म्हणजे संस्कृतेतर बोलींतील शब्दांना, अर्थ सांगण्याचे स्वतःचे सामर्थ्य आहे काय, हा वादही भारतीय शास्त्रकारांनी दीर्घकाळ केला आहे. शब्दात असलेल्या अर्थबोधक सामर्थ्याला ते ‘शक्ती’ म्हणतात. पतंजलीने महाभाष्यात असे मानले की शुद्ध शब्दाने आणि अपभ्रंशानेही अर्थ कळतो, परंतु पुण्य मिळते ते शुद्ध शब्दाच्या प्रयोगाने. मीमांसकांच्या मते अपभ्रंश ऐकणाऱ्याला त्यामागचा शुद्ध शब्द आठवतो आणि त्या आठवणीतून अर्थ कळतो. नैयायिकांनी आणखी पुढे जाऊन म्हटले की देशभाषेतील शब्दांत शक्ती नसतेच. ती आहे अशा भ्रमामुळे ऐकणाऱ्याला बोध होतो, यालाच ते ‘शक्तिभ्रम’ म्हणतात. या मतांवर सतराव्या शतकात काशीतील वैयाकरण कौण्डभट्ट यांनी आक्षेप घेतला. ज्याने संस्कृत कधी ऐकलेच नाही त्याला देशभाषेतील शब्दाने सरळ अर्थबोध होतो, त्याला मधला शुद्ध शब्द आठवण्याचा संभवच नाही, आणि ज्या बोधाने व्यवहार अचूक चालतो त्याला भ्रम म्हणण्यास आधार नाही. म्हणून भाषाशब्दांतही शक्ती मानली पाहिजे, असा या पक्षाचा युक्तिवाद आहे. तरीही शुद्ध प्रयोगाचे पुण्य त्यांनी संस्कृतकडेच राहू दिले. सामर्थ्य दोघांत, पुण्य एकात, अशी ही विभागणी झाली.

ही चर्चा केवळ पंडितांची राहिली असती तर तिचे येथे प्रयोजन नव्हते. परंतु संभाजीनगरच्या वर्गातील वृत्तींची वर्गवारी तिच्या आधारे फार नेमकी करता येते. ‘सीमांत उपयोगिता’ किंवा ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द उच्चारून लगेच त्याचा इंग्रजी पर्याय सांगणारा शिक्षक मीमांसकांच्या बाजूचा असतो. मराठी संज्ञा ही इंग्रजी संज्ञेची आठवण करून देण्यापुरती आहे असे तो मानतो. मराठीतून शिकलेल्याला विषय कळल्यासारखा वाटतो पण खरा कळलेला नसतो, असे म्हणणारा नैयायिक असतो. आणि बहुसंख्य सुशिक्षित मराठी माणसे वैयाकरणांच्या मताची असतात: मराठीत काहीही सांगता येते हे त्यांना मनापासून मान्य असते, परंतु पत, पदोन्नती आणि परदेशगमन या रूपाने मिळणारे आधुनिक पुण्य इंग्रजीच्या प्रयोगानेच पदरात पडते हेही ते जाणतात. म्हणूनच मराठीच्या सामर्थ्याचे कितीही पुरावे दिले तरी वृत्ती बदलत नाहीत. वाद शक्तीचा नाहीच, तो पुण्याच्या वाटणीचा आहे.

मराठवाड्यातील धर्मपरंपरेने या वाटणीला जे उत्तर दिले ते मराठी वाङ्मयाच्या इतिहासात सुपरिचित आहे. परंतु ते बहुधा भाषाभिमानाच्या अंगाने सांगितले जाते आणि त्यातील द्वैभाषिक रचनेकडे दुर्लक्ष होते. मुकुंदराजांचा विवेकसिंधू हा वेदान्तावरील ग्रंथ परंपरेने शके १११० चा, म्हणजे इ.स. ११८८ चा, मानला जातो आणि मुकुंदराजांची समाधी अंबेजोगाईस दाखवली जाते. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्यांचे हे भाष्य आहे, आणि मूळ श्लोक व त्यावरील ओव्या अशा क्रमाने त्याचे पान पुढे सरकते. श्लोक वगळलेला नाही, त्याला शरण जाऊन ओवी थांबलेलीही नाही. एका श्लोकावर कधी चार तर कधी शंभराहून अधिक ओव्या येतात, त्यांत श्लोकात नसलेले दृष्टान्त, नसलेल्या शंका आणि सर्वस्वी नवे प्रतिपादन येते. सहाव्या अध्यायातील कुंडलिनीचे वर्णन हे त्याचे ठळक उदाहरण होय. मूळ श्लोकांत ज्याचा उल्लेखही नाही असा नाथपंथीय योगानुभव मराठी ओवीत प्रथमपुरुषी अधिकाराने मांडला गेला. येथे मराठी ही संस्कृत समजावून देणारी भाषा राहिलेली नाही, ती विचार करणारी भाषा झाली आहे, आणि तरीही दोन्ही भाषा एकाच पानावर आहेत.

पैठणच्या एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर मराठी टीका लिहिली आणि ती १५७३ साली काशीत पूर्ण केली. प्राकृतात धर्मग्रंथ लिहिल्याबद्दल तेथील पंडितांनी त्यांना जाब विचारला आणि अखेर ग्रंथाचा गौरव केला, असे परंपरा सांगते. त्याच शतकात पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्याने संस्कृत पांडित्यात अग्रस्थान मिळवले. एकाच गावातून निघालेल्या या दोन वाटा एकमेकींच्या शत्रू होत्या असे समजण्याचे कारण नाही. एकनाथ स्वतः संस्कृतात व्युत्पन्न होते, आणि ज्ञानेश्वरीच्या प्रतींची तुलना करून तिचा पाठ शुद्ध करण्याचे जे काम त्यांनी १५८४ साली पुरे केले, त्यात शास्त्री जी काटेकोर दृष्टी वेदपाठाला लावीत तीच त्यांनी मराठी ग्रंथाला लावली. मराठी ग्रंथालाही पाठभेद असतात आणि त्यांचा निर्णय करणे हे विद्वानाचे काम आहे, हे मान्य होणे हीच पुण्याच्या फेरवाटणीची सुरुवात होती.

महानुभाव पंथाचा निर्णय अधिक कठोर होता. चक्रधरस्वामींनंतर पंथाची धुरा वाहणाऱ्या नागदेवाचार्यांनी संस्कृतज्ञ शिष्य केसोबासांना संस्कृतात लिहिण्यापासून परावृत्त केले, कारण त्यामुळे पंथातील साध्यासुध्या स्त्रिया ज्ञानाला मुकतील अशी त्यांची भूमिका होती. अधिकाराचा प्रश्न येथे उलटा विचारला गेला: वाचकाची योग्यता काय, असे न विचारता, ग्रंथाच्या भाषेने कोण वगळले जाईल, असे विचारले गेले. परंतु याच पंथाने पुढे आपले ग्रंथ ‘सकळ लिपी’सारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले, आणि पंथाबाहेरच्या मराठी वाचकांना ते विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जवळजवळ अज्ञात राहिले. भाषा लोकांची असली म्हणजे ज्ञान लोकांचे होतेच असे नाही. आजही दुर्बोध पर्यायी शब्दांनी भरलेले मराठी पाठ्यपुस्तक मराठी विद्यार्थ्यालाच परके वाटते, याचे कारण वेगळे नाही.

याहून जुनी साक्ष पाली विनयपिटकातील चुल्लवग्गात सापडते. ब्राह्मणकुळातून आलेल्या दोन भिक्षूंनी, निरनिराळ्या जातीगोतांतून आलेले भिक्षू आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात अशी तक्रार करून, ते वैदिक छंदोबद्ध भाषेत घालण्याची परवानगी मागितली. बुद्धाने ती नाकारली आणि ‘आपल्या भाषेत’ धर्म शिकण्याची अनुज्ञा दिली. ही भाषा नेमकी कोणाची, शिकणाऱ्याची की बुद्धाची, यावर पुढे मतभेद झाले: पाचव्या शतकातील भाष्यकार बुद्धघोष यांनी ती बुद्धाची स्वतःची मागधी मानली, तर आधुनिक अभ्यासकांपैकी पुष्कळांनी ती शिकणाऱ्याची मानली. दुसरा अर्थ घेतला तर ज्ञान ऐकणाऱ्याकडे चालत जाते. पहिला घेतला तर ऐकणाऱ्याला ज्ञानाकडे चालत यावे लागते. द्वैभाषिक अध्यापनाविषयीचे आजचे सारे मतभेद या दोन अर्थांच्या दरम्यान पसरलेले आहेत.

आतापर्यंतचे विवेचन मराठीच्या बाजूने जाणारे वाटेल. म्हणून इंग्रजीच्या बाजूचा सर्वांत बळकट पूर्वपक्ष मांडणे आवश्यक आहे, आणि तोही याच शहरात सापडतो. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये येथे महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले, ग्रीक राजा मिनांडर (पालीत मिलिंद) आणि भिक्षू नागसेन यांच्या पाली संवादग्रंथावरून, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या राजावरून. ज्यांच्या पूर्वजांना वेद ऐकण्याचीही मनाई होती आणि ज्यांच्या मराठीला गावातील वरिष्ठ जाती हिणवत होत्या, त्यांच्यासाठी इंग्रजी ही परकी असूनही पहिली अशी भाषा होती जिच्यावर गावातल्या कोणाचीही वंशपरंपरागत मालकी नव्हती. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ मराठीत लिहिली आणि तिला इंग्रजी प्रस्तावना जोडली. सावित्रीबाईंनी इंग्रजीच्या गौरवाची कविता लिहिली. आंबेडकरांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ मराठीत चालवले, तर आपले बहुतेक शास्त्रीय ग्रंथ इंग्रजीत लिहिले. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथही इंग्रजीतच होता. म्हणून मातृभाषेतील शिक्षणाची शिफारस जेव्हा इंग्रजी आधीच हस्तगत केलेल्या वर्गाकडून येते, तेव्हा मागाहून आलेल्या वर्गाला तिच्यात पुराणश्रवणाच्या सवलतीचा वास येतो, आणि तो संशय इतिहासाला धरून आहे.

या संशयाला दक्षिण आफ्रिकेत फार मोठा आधार मिळाला. तेथील वर्णद्वेषी राजवटीने १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्यानंतर आफ्रिकी मुलांना प्राथमिक वर्गांत मातृभाषेतून शिकवण्याचे धोरण राबवले, परंतु हेतू त्यांना दुय्यम कामांपुरते शिक्षण देण्याचा होता. पुढे आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध १६ जून १९७६ रोजी सोवेटोच्या विद्यार्थ्यांनी उठाव केला. १९९६ च्या संविधानाने झुलूसह अकरा भाषांना राजभाषेचा दर्जा दिला, आणि क्वाझुलू-नाताल विद्यापीठाने २००६ मध्ये इंग्रजीबरोबर झुलूला अध्यापनाची भाषा म्हणून वाढवण्याचे धोरण स्वीकारून २०१४ पासून झुलू न जाणणाऱ्या नव्या पदवी विद्यार्थ्यांना त्या भाषेचा प्राथमिक पाठ अनिवार्य केला. तरीही तेथील झुलूभाषक विद्यार्थ्यांच्या वृत्तींत तीच दुभंगलेली निष्ठा आढळते: झुलू ओळखीची आणि अभिमानाची, इंग्रजी पदवीची. मातृभाषा ज्या हातांनी दिली गेली त्या हातांचा इतिहास लोक विसरत नाहीत.

मराठवाड्याच्या स्मृतीत असा आणखी एक प्रसंग आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये उर्दू माध्यमाने स्थापन झाले. त्यासाठी स्वतंत्र अनुवाद संस्था निर्माण झाली, पदार्थविज्ञान, वैद्यक आणि कायदा यांची शेकडो पुस्तके उर्दूत आली, आणि इंग्रजी हा अनिवार्य विषय म्हणून शिकवला गेला. त्या काळी औरंगाबाद म्हणून ओळखले जाणारे हे शहर उर्दूच्या विद्याव्यवहाराचे मोठे केंद्र होते. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम येथूनच अनेक वर्षे चालवले. उच्च विज्ञान भारतीय भाषेत शिकवता येत नाही या समजुतीला उस्मानियाने दिलेले उत्तर निर्विवाद आहे. परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी होती, आणि मराठी मुलाला वरच्या वर्गांत उर्दूतून शिकावे लागे. देशी भाषा प्रत्येकाची स्वभाषा नसते, हे मराठवाडा या अनुभवातून शिकला. १९४८ नंतर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले आणि तीन दशकांत उभे राहिलेले ते उर्दू ग्रंथभांडार विद्यापीठीय शिक्षणातून बाजूला पडले. विजेत्या बहुमताला हे नुकसान दिसले नाही.

हा अनुभव आज मराठीलाच लागू करावा लागतो. संभाजीनगरच्या वर्गात बसलेल्या प्रत्येकाची घरची भाषा मराठी नसते. बंजारा तांड्यावरून आलेल्या विद्यार्थ्याची भाषा गोरमाटी असते, शहरातील मोठ्या मुस्लिम वस्तीची दखनी वळणाची उर्दू असते, आणि मराठी घरातलीही बोली प्रमाण मराठीपासून पुष्कळ दूर असू शकते. इंग्रजीपुढे मराठीने जो न्याय मागायचा तो मराठीपुढे या भाषांनाही मागता आला पाहिजे. आंबेडकरांनी १९५५ च्या भाषावार राज्यांविषयीच्या पुस्तिकेत भाषिक राज्यात एखाद्या बहुसंख्य जातीचे वर्चस्व प्रस्थापित होण्याचा धोका दाखवला होता, आणि मराठवाड्याचे स्वतंत्र राज्य सुचवताना तो त्यांच्या नजरेसमोर होता. ‘लोकांची भाषा’ या शब्दप्रयोगातील लोक कोण, हा प्रश्न म्हणून कधीच संपत नाही.

या पूर्वपक्षाचा निष्कर्ष मात्र इंग्रजी एकमेव माध्यम असावे असा निघत नाही, आणि त्याचा पुरावाही मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातच आहे. तेथे इंग्रजी शिकवणाऱ्या आणि अमेरिकेत अध्ययन केलेल्या म. ना. वानखेडे यांनी कृष्णवर्णीय अमेरिकी साहित्याची जाण मराठी दलित लेखकांपर्यंत पोहोचवली. गंगाधर पानतावणे यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस येथूनच ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक सुरू केले. दलित साहित्याच्या चळवळीने इंग्रजीतून आलेला विचार मराठीत केवळ समजावून सांगितला नाही. त्या विचाराच्या साहाय्याने मराठी साहित्याच्या रूढ सौंदर्यकल्पनेचे खंडन केले आणि मराठी समीक्षेला नवे निकष स्वीकारायला लावले. श्लोक आणि ओवी यांचे जे नाते नेवाशात जुळले होते तेच येथे इंग्रजी आणि मराठी यांच्यात जुळले. इंग्रजीने दार उघडले हे खरे, परंतु ज्या वाङ्मयाने समाजाची विचारपद्धती हलवली ते मराठीत झाले, कारण ज्यांच्याशी वाद घालायचा होता ते मराठीत बोलत होते.

यावरून द्वैभाषिक अध्यापनाचे दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे करता येतात. पहिल्यात स्वभाषा उपकारक असते, म्हणजे दुसऱ्या भाषेतील ज्ञान पोहोचवून ती बाजूला होते. दुसऱ्यात ती प्रमाणभूत असते, म्हणजे तिच्यातील प्रतिपादन ज्ञान म्हणून स्वीकारले, तपासले आणि खोडले जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर मराठीतून अभियांत्रिकी शिकवण्याची परवानगी मिळाली आणि २०२१ पासून पिंपरी-चिंचवड येथे संगणक अभियांत्रिकीचा असा अभ्यासक्रम सुरूही झाला. परंतु अशा प्रयोगांची कसोटी पहिल्या वर्षाची पुस्तके मराठीत आली की नाही, ही नाही. दे. द. वाडेकर यांच्या संपादनाखाली १९७४ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झालेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश आणि वाई येथून निघालेला मराठी विश्वकोश यांनी परिभाषेचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला आहे, आणि तरीही वर्गातील वृत्ती फारशी पालटली नाही, कारण त्या परिभाषेत वाद करण्याची जागा विद्यापीठाने निर्माण केली नाही. ती जागा निर्माण करायची तर मराठीतील शोधनिबंधाला इंग्रजीतील निबंधाइतकेच मूल्य द्यावे लागेल, प्रश्नपत्रिकेतील मराठी भाषांतर मूळ इंग्रजी पाहिल्याशिवाय कळेल इतके नीट करावे लागेल, आणि इंग्रजीतून शिकलेल्या विद्यार्थ्यालाही मराठीतील युक्तिवाद वाचून त्याला उत्तर देण्यास भाग पाडावे लागेल. त्याचबरोबर इंग्रजी सर्वांना नीट शिकवावी लागेल, कारण मूळ ग्रंथ स्वतः उघडून पाहण्याची ताकद ज्याच्याजवळ नाही त्याचे पुराणश्रवण सुटत नाही.

शास्त्रपरंपरेत एखाद्याचा अधिकार मान्य झाला याची खूण तो शिष्य म्हणून बसला ही नव्हती. त्याने उपस्थित केलेला पूर्वपक्ष सिद्धान्ती गंभीरपणे घेतो आणि त्याला उत्तर देणे आपल्यावर बंधनकारक मानतो, ही होती. द्वैभाषिक विद्यापीठाची कसोटीही हीच ठरते. बीड किंवा जालन्याहून आलेल्या विद्यार्थिनीने कान्टच्या निरपेक्ष आदेशावर मराठीत एक सबळ आक्षेप लिहिला, तर परीक्षकाने त्यातील इंग्रजी संज्ञा शोधत न बसता त्या आक्षेपाला उत्तर आहे काय असे स्वतःला विचारावे, आणि उत्तर नसल्यास तेवढ्यापुरता कान्टचा पक्ष दुबळा ठरला असे मान्य करावे. हे घडते तेथे दोन्ही भाषा ज्ञानाच्या आहेत. घडत नसेल तर दुसऱ्या भाषेला कितीही तास दिले तरी अपशूद्राधिकरणातील ती पुरवणीच नव्या अभ्यासक्रमात चालू राहते.